गोठ्यातला उन्हाळा : आधी पाणी की आधी पुडी?

चैत्र उजाडला की आपल्या घरांतून थंडाव्याची तयारी सुरू होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि कैरीची डाळ होते, माठ बाहेर निघतो, आमसुले भिजत पडतात आणि दुपारच्या जेवणात ताकाची वाटी हक्काने येऊन बसते. घरातल्या कोणाच्या पोटाला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचा विचार घरातली बाई कोणी न सांगता करत असते. त्याच घराच्या मागे दावणीला एक संकरित गाय बांधलेली असते. तिच्या पाठीवर पत्र्याची धग उतरत असते. पुढ्यातली वैरण तिने अर्धी टाकलेली असते आणि डेअरीच्या चिठ्ठीवरचा लिटरचा आकडा रोज थोडा थोडा खाली येत असतो. मग घरात वाक्य निघते, "हिला काहीतरी द्यायला हवे."

हे 'काहीतरी' सुचवणारे पुष्कळ असतात. शेजारची आजी शतावरीचे नाव घेते. पशुखाद्याचा दुकानदार वनस्पतिजन्य पूरक खाद्याची रंगीत पुडी पुढे करतो. मोबाईलवर आलेला व्हिडिओ अझोल्याचे गुण गातो. या प्रत्येकाच्या बोलण्यात थोडेफार तथ्य आहे. मात्र किती तथ्य आहे, कोणत्या क्रमाने ते वापरायचे आणि त्याचे पैसे किती मोजायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

मी पशुवैद्य नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली पहाटे धार काढून, दुधाचे कॅन डेअरीवर पोचवून मग पहिली बस पकडतात. त्यांची परीक्षा फी, बसचा पास, धाकट्या भावाची वह्यापुस्तके हे सगळे दुधाच्या बिलातून निघते. उन्हाळ्यात ते बिल घटते आणि नेमके शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या तोंडावर घर कोरडे पडते. त्यामुळे गाईला काय घालायचे हा प्रश्न मला गोठ्याइतकाच घरखर्चाच्या वहीचाही वाटतो. त्या वहीच्या अंगानेच आज त्याकडे पाहू.

पोटातली चूल

निरोगी गाईच्या अंगाचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. बाहेर कितीही ऊन असले तरी ते तेवढेच राखण्यासाठी तिची धडपड चालते. तिची अडचण अशी की उष्णता तिला फक्त वरून लागत नाही, ती आतूनही निर्माण होत असते. गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे एक न विझणारी चूल आहे. तिथे असंख्य सूक्ष्म जीव वैरण आंबवतात आणि त्या आंबण्यातून ऊब निघते. वैरण जितकी जाडीभरडी आणि वाळकी, तितकी ती पचवताना ही ऊब जास्त. मार्गशीर्षाच्या थंडीत हीच चूल गाईला सुखाची असते, वैशाखात ती जिवावर येते. तेव्हा गाय एक साधे शहाणपण दाखवते. चुलीत लाकूड सारायचे थांबवते, म्हणजेच वैरण टाकते.

आपण समजतो, ती खात नाही म्हणून दूध कमी झाले. हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात या विषयावर एक नेटका प्रयोग झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाईंचा एक गट गरम हवेत ठेवला. दुसरा गट थंड हवेत ठेवून त्याला पहिल्या गटाने जेवढे खाल्ले तेवढेच मोजून घातले. दोन्ही गटांचे दूध कमी झाले, पण गरम हवेतल्या गाईंचे कितीतरी जास्त घटले. हिशेब मांडला तेव्हा एकूण घटीपैकी साधारण एक तृतीयांशच घट कमी खाण्यामुळे होती, असे निघाले. उरलेली घट उष्णतेने थेट केलेली. शरीर रक्ताचा ओघ कातडीकडे वळवते, धापा टाकण्यात शक्ती खर्च होते, आतड्याचे अस्तर कमजोर होते आणि कासेकडे जायचा वाटा इतरत्र जातो.

धापण्याचा आणखी एक तोटा आहे. भराभर श्वास सोडताना रक्तातला कर्बवायू नको इतका बाहेर पडतो. तो तोल सावरताना शरीरातला सोडा लघवीवाटे निघून जातो. वर लाळ गळून वाया जाते. एरवी हीच सोडामिश्रित लाळ रवंथाबरोबर पोटात उतरून तिथला आंबटपणा मारत असते. उन्हाळ्यात ती कमी पडते आणि अशा वेळी दूध वाढावे म्हणून आपण आंबोण वाढवले, तर पोट आणखी आंबट होते. डॉक्टर उन्हाळ्यात खाण्याचा सोडा आणि क्षारमिश्रण द्यायला का सांगतात, त्याचे कारण हे आहे.

कोणत्या हवेत गाईला त्रास सुरू होतो, याचा अंदाज घेण्यासाठी तापमान आणि हवेतला दमटपणा एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. विदेशी रक्ताच्या दुधाळ गाईसाठी ७२ ही त्याची धोक्याची रेषा बरीच वर्षे मानली जाते. जास्त दुधाच्या गाईंना त्याच्याही खाली त्रास होतो, असे अलीकडचे संशोधन सांगते. तापमान २५ अंश आणि हवेत निम्मा दमटपणा असला की हा आकडा ७२ च्या आसपास येतो. म्हणजे बेळगावात संध्याकाळी फिरायला निघताना आपल्याला जी हवा सुखद वाटते, तिथे होल्स्टिन गाईच्या त्रासाची सुरुवात होते. मग अथणी, रायबाग, चिक्कोडीकडच्या एप्रिलच्या दुपारी तिचे काय होत असेल, याची कल्पना करावी. आपली खिलार किंवा कृष्णाकाठची गाय हे ऊन सोसते, कारण ती त्यातच घडलेली आहे. पण बँकेचे कर्ज काढून दावणीला आणली ती संकरित गाय आणि हप्ता तिच्याच दुधावर फिटायचा आहे.

वाढे संपते, कडबा येतो

आपल्या भागातल्या वैरणीचे एक वेगळेच वेळापत्रक आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली हा ऊसपट्टा. कारखान्यांची धुराडी पेटली की तोडणीचे वाढे मुबलक मिळते आणि थंडीचे महिने गोठा त्याच्यावर निघतो. वाढ्यात प्रथिने कमी असतात आणि त्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून ठेवते. तरी ते हिरवे असते, रसाळ असते आणि गाय ते आवडीने खाते. हंगाम संपत येतो तेव्हा ऊन वाढायला लागलेले असते. वाढे बंद होते आणि गंजीचा कडबा निघतो. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा तीन-चारच्या आसपास असते, बाकी बहुतेक काष्ठ. म्हणजे ज्या महिन्यांत पोटातली चूल मंद हवी, त्याच महिन्यांत आपण तिच्यात सर्वांत जाड लाकूड सारतो.

म्हणून उन्हाळ्यात गाईला वनस्पतीतून काही द्यायचेच असेल, तर पहिली वनस्पती हिरवी वैरण हीच आहे. हत्तीगवत, मका, लसूणघास, बांधावरची शेवरी, हादगा, शेवगा यांपैकी जे शक्य असेल ते. हिरव्यात पाणी असते. गाईच्या घामावाटे जो पोटॅशियम क्षार जातो, तोही त्यातून भरून येतो. पाणी नसेल त्यांनी हिवाळ्यातच मक्याचा मुरघास करून ठेवावा. कडबा घालायचाच असेल तर त्याची कुट्टी करून, पाणी शिंपडून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर घालावा. खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी पोटातली ऊब सर्वांत जास्त असते. सकाळी दहाला घातलेला कडबा बरोबर भर दुपारी तापतो. रात्री घातलेला पहाटेच्या गारव्यात पचतो. यात एक पैसा जास्त खर्च होत नाही, फक्त वेळ बदलावी लागते.

दुसरी वस्तू सरकी. सरकीत तेल असते आणि तेलातून मिळणाऱ्या शक्तीबरोबर आंबण्याची ऊब निघत नाही. कमी खाण्यात जास्त शक्ती देणारी ही जुनी, ओळखीची गोष्ट आहे. मात्र ती आंबोणातल्या इतर खाद्याचा काही भाग काढून त्या जागी द्यायची. वरून भरमसाट घातली तर तेलामुळे पोटातल्या सूक्ष्म जीवांचे काम मंदावते. पेंडीला बुरशी आली असेल तर ती फेकून द्यावी. त्या बुरशीचे विष गाईच्या दुधात उतरते आणि ते दूध शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते.

बाळंतिणीचा खाऊ गाईला चालेल?

आता आजीच्या शतावरीकडे येऊ. आपल्याकडे बाळंतिणीला आळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाळंतशेपा, शतावरी कल्प देण्याची रीत आहे. तेच गाईला द्यावे, ही कल्पना त्यातूनच आली. ती टाकाऊ मुळीच नाही. शतावरी आणि जिवंती या दोन्ही वनस्पतींवर आपल्या देशातल्या पशुसंशोधन संस्थांत प्रयोग झाले आहेत. काही प्रयोगांत दूध वाढलेले दिसले, काहींत फारसा फरक पडला नाही. बरेचसे प्रयोग थोड्या गाईंवर आणि थोड्या दिवसांचे आहेत. म्हणून 'शतावरी दिली की दूध वाढतेच' असे छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा जपून राहावे. त्याचबरोबर 'हे सारे थोतांड' म्हणणाऱ्याचेही ऐकू नये.

बाई आणि गाय यांच्यात एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. बाईने घेतलेले चूर्ण सरळ तिच्या जठरात जाते. गाईने खाल्लेले आधी त्या आंबवणाऱ्या कप्प्यात जाते. तिथले सूक्ष्म जीव कित्येक औषधी द्रव्यांची मोडतोड करतात. त्यामुळे माणसाला लागू पडलेली मात्रा वजनाच्या प्रमाणात वाढवून गाईला लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. मेथी जास्त झाली तर तिचा वास दुधाला लागतो आणि डेअरीवर तक्रार येते, ती गोष्ट वेगळीच.

या निमित्ताने चरकसंहितेतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. दूध उत्पन्न करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट त्या ग्रंथात दिला आहे. अर्थात तो माणसासाठी. आपल्याला वाटेल, त्यात शतावरी पहिली असेल. ती त्या दहांत नाहीच. त्यात वीरण म्हणजे वाळा, दर्भ, कुश, काश, शालि आणि षष्टिक ही भाताची वाणे, अशी गवते आणि गवताच्या कुळातलीच मंडळी आहेत, आणि त्यांची मुळे घ्यायला सांगितली आहेत. शतावरीचा उल्लेख त्या ग्रंथात अन्यत्र, बळ देणाऱ्या द्रव्यांत येतो. यावरून आधुनिक शास्त्र सिद्ध होते असे माझे म्हणणे नाही. पण दूध म्हटल्यावर त्या जुन्या वैद्यांची नजर आधी गवताकडे गेली, एवढे खरे. गोठ्यातला क्रमही असाच असावा.

आणखी एक गोष्ट. शतावरीची मुळे औषधी, म्हणजे वेल खणावा लागतो, आणि लागवडीनंतर मुळे चांगली पोसायला दीड-दोन वर्षे जातात. मागणी वाढली की रानातले वेल ओरबाडले जातात आणि चूर्णात भेसळही होते. परसात जागा असेल त्यांनी दोन-चार वेल स्वतःच लावावेत, आणि किती द्यायचे ते पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

अझोला आणि शेवगा : तागडीत घालून

अझोला हे पाण्यावर तरंगणारे नाजूक नेचे. त्याच्या पानांत राहणारे निळे-हिरवे सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात आणि त्यामुळे त्यात प्रथिने भरपूर असतात. वाळवलेल्या अझोल्यात शेकडा २० ते २५ प्रथिने, हा आकडा सगळे सांगतात आणि तो बरोबर आहे. पण आपण गाईला अझोला वाळवून घालत नाही, ओला घालतो, आणि ओल्या अझोल्यात शेकडा ९० हून जास्त पाणीच असते.

दोन किलो ओला अझोला घेतला तर त्यात कोरडा भाग भरतो साधारण १२० ग्रॅम. त्यातली प्रथिने २५ ते ३० ग्रॅम. शेंगदाणा पेंडीत शेकडा ४० च्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे दोन किलो अझोल्यातून जेवढी प्रथिने मिळतात, तेवढी सुमारे ७५ ग्रॅम पेंडीतून, एका मुठीतून मिळतात. अझोल्यात इतर क्षार आणि जीवनसत्त्वे आहेत, तो गाईला देऊ नये असे नाही. पण दोन किलो अझोला मिळतो म्हणून दीड किलो पेंड बंद करणारे घर गाईला उपाशी ठेवते. शिवाय तापमान ३५ अंशांच्या वर गेले की अझोल्याची वाढ खुंटते. त्यालाच सावली आणि पाणी लागते. ज्या महिन्यात तो सर्वांत जास्त हवा, त्याच महिन्यात तो रुसतो.

हीच तागडी मातीविना वाढवलेल्या मक्यालाही लावावी. २०१० नंतरच्या काही वर्षांत गोव्यात या चाऱ्याचे यंत्रघर उभे करून गाईंवर प्रयोग झाले. जमीन थोडी आणि वैरण बाहेरून आणायची, अशा त्या प्रदेशाला ही सोय आकर्षक वाटणे साहजिक होते. आठवडाभरात एका किलो दाण्यापासून पाच-सहा किलो हिरवळ निघते, हे डोळ्यांना सुखावते. गाईही ती आवडीने खातात आणि ती पचायला हलकी असते. पण वाढलेले वजन बहुतेक पाण्याचे असते. कोरडा भाग मोजला तर मूळ दाण्यापेक्षा तो थोडा कमीच भरतो, कारण कोंब फुटताना दाण्यातली शक्ती खर्च होते.

शेवग्याचा हिशेब वेगळा निघतो. त्याच्या ताज्या पाल्यात कोरडा भाग शेकडा २० च्या पुढे असतो आणि त्या कोरड्या भागातला जवळजवळ पाव हिस्सा प्रथिने. म्हणजे पाच किलो पाल्यातून सुमारे पाव किलो प्रथिने मिळतात. ही भर नजरेत भरण्यासारखी आहे. झाड बांधावर वाढते, पाणी कमी मागते आणि शेंगा घराला मिळतात त्या निराळ्याच. पाला एकदम न घालता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा, आणि धारेच्या आधी न घालता धार झाल्यावर घालावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

पुडी आणि वळवाचा पाऊस

बाजारातल्या पुड्यांत बहुधा अनेक वनस्पतींचे मिश्रण असते. काहींत बीटापासून काढलेले बीटेन नावाचे द्रव्य असते. पेशींनी पाणी धरून ठेवावे म्हणून ते उपयोगी पडते, असा विचार त्यामागे आहे. परदेशात त्याचे प्रयोग झाले आहेत आणि निकाल संमिश्र आहेत. नाव साखरेच्या बीटाशी जोडलेले असल्याने आपल्या उसाच्या मळीत ते तितकेच असेल असा समज होतो, पण तसे नाही. पुडी घेताना तिच्यावर घटक, त्यांचे प्रमाण, मात्रा, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली आहे का, एवढे तरी पाहावे. 'गुप्त वनौषधी' असे लिहिलेले असेल तर ती गुप्तच राहू द्यावी.

समजा, पुडीचा रोजचा खर्च २५ रुपये पडतो आणि दुधाला लिटरमागे ३५ रुपये मिळतात. मग रोज जवळजवळ पाऊण लिटर दूध वाढले तर पुडीचा खर्च तेवढा निघेल. घरात एक रुपयाही उरणार नाही. पाऊण लिटर वाढले की नाही, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी वही लागते. पुडी सुरू करण्याआधी आठ दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध आणि फॅट लिहून ठेवावे. मग तीन आठवडे पुडी द्यावी, तरीही लिहावे. मग आठ दिवस बंद करून पाहावे. या काळात पेंड, वैरण, वेळ काही बदलू नये.

त्या वहीत आणखी एक रकाना ठेवावा, हवेचा. कारण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वळीव येतो. एक सर पडली, हवा उतरली की दोन-चार दिवसांत गाय आपोआप नीट खाऊ लागते आणि दूध सावरते. पुडी नेमकी त्याआधी पंधरा दिवस सुरू केलेली असते. मग सगळ्या गल्लीत बोलबाला होतो, पुडीने दूध वाढले. पावसाचे श्रेय पुडीला जाते आणि पुढच्या वर्षी तिची मागणी दुप्पट होते. फसवणूक कोणी केलेली नसते. फक्त कोणी लिहून ठेवलेले नसते.

हिरवे तेवढे निर्धोक नव्हे

'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?' हे वाक्य उन्हाळ्यात सर्वांत धोक्याचे. पाण्याविना सुकलेली कोवळी ज्वारी किंवा खोडव्याला आलेले पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते. त्यातल्या विषाने तासाभरात दावण रिकामी होऊ शकते. घाणेरीची झुडपे रानात हिरवी दिसतात. एरवी तिला तोंड न लावणारे जनावर भुकेपोटी खाते आणि मग त्याचे यकृत बिघडते, उन्हात कातडी सोलवटते. सुबाभूळ चांगली, पण तिच्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. म्हणून हिरव्या वैरणीच्या साधारण एक तृतीयांशाच्या पुढे ती घालू नये. गाभण गाईला तर कोणतेही चूर्ण विचारल्याशिवाय देऊ नये. वनस्पतीत औषध असेल तर मात्राही असते, आणि मात्रा चुकली की अपायही असतो.

पाणी डोक्यावरून येते

आता मूळ प्रश्न. पुडी आधी की पाणी आधी?

दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर पाणी लागते, कडक उन्हात ते १०० लिटरच्या घरात जाते. १५ लिटरची एक घागर धरली तर एका गाईला सहा-सात घागरी. दोन गाई असतील तर बारा-चौदा. दावणीला बांधलेल्या गाईला आपण सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी दाखवतो, मधल्या दहा तासांत ती तहान सांगू शकत नाही. आणि हे पाणी आणायचे कोणी? बहुतेक घरांत बाईने, नाहीतर कॉलेजला जाणाऱ्या मुलीने. विहिरीने तळ गाठलेला असतो, नळ दिवसाआड येतो, टँकरची वाट पाहावी लागते.

पुडी का खपते, याचे उत्तर मला इथे सापडते. पुडी खिशातून येते, पाणी डोक्यावरून येते. घरातला कर्ता पुरुष दुकानात जाऊन पुडी आणतो आणि गाईसाठी काही केल्याचे समाधान त्याला मिळते. सातवी घागर आणण्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. मघाचा २५ रुपयांचा खर्च तीन महिने केला तर २२५० रुपये होतात. तेवढ्या पैशांत गोठ्याच्या सावलीत एक मोठे टब किंवा अर्धे पिंप आणि नळापासून तिथवर पाईप, ही सोय बहुतेक ठिकाणी सुरू तरी करता येईल. ती पुढच्या उन्हाळ्यालाही कामी येईल, आणि मुलीच्या मानेवरचा भारही उतरेल.

म्हणून क्रम असा धरावा. पहिले, गाईला हवे तेव्हा पिता येईल असे, सावलीतले पाणी. दुसरे, छपरावर उसाचे पाचट, बाजूने वारा, आणि दुपारी अंगावर कातडीपर्यंत भिजेल असे पाणी मारून वारा घेऊ देणे. बंद गोठ्यात नुसती ओली पोती टांगली तर दमटपणा वाढून त्रासच होतो. तिसरे, वैरणीची वेळ पहाटे आणि रात्री. चौथे, हिरवा पाला, सरकी, क्षारमिश्रण, मीठ, आणि डॉक्टर सांगतील तेवढा सोडा. हे चारही झाल्यावर पाचव्या पायरीवर शतावरी, जिवंती किंवा पारखून घेतलेली पुडी, तीही वहीत लिहून. पहिल्या चार पायऱ्या गाळून पाचवीवर उडी मारली, तर चांगल्या वनस्पतीचाही गुण येत नाही आणि दोष मात्र तिच्या माथी बसतो.

गाईच्या श्वासावर लक्ष ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ती उभी असताना कुशीची हालचाल मिनिटभर मोजावी. ६० च्या वर गेली तर तिला उन्हाचा त्रास होतो आहे असे समजावे आणि पाणी, वारा यांची तजवीज तेव्हाच करावी. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापत असेल तर डॉक्टरांना बोलवावे. उन्हाच्या त्रासाने पुढे गाय माजावर येत नाही, आली तर उलटते, आणि एक वेत लांबले म्हणजे कित्येक महिन्यांचे दूध गेले. डेअरीच्या चिठ्ठीवर हे नुकसान ताबडतोब दिसत नाही, म्हणून ते जास्त महाग पडते.

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली खोड जुनी आहे. एप्रिलमध्ये दुकानात धावण्याऐवजी मृगाच्या पावसाबरोबर बांधावर शेवग्याची आणि शेवरीची रोपे लावावीत. वर्ष-दीड वर्षात दोन गाईंना रोज चार मुठी पाला मिळू लागेल. वाढ्याचा हंगाम चालू असताना थोडा मुरघास घालून ठेवावा. आणि या आठवड्यात करण्यासारखे एकच काम सांगायचे, तर आज दुपारी दोन वाजता गोठ्यात जाऊन गाईपुढचे भांडे पाहावे. ते रिकामे असेल, तर पुडीचा विचार उद्यावर टाकायला हरकत नाही.